बांधातली दोनशे पोती

गोदू कुणावर विश्वास ठेवत नाही, हे रेवसच्या अलीकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोळीण कोलंबी ताजी म्हणाली की ही आधी एकीचं डोकं मोडून बघणार. सरकारी माणूस दारात आला की आधी ओळखपत्र, मग पाणी. मागून लोक तिला संशयी म्हणतात, पुढ्यात म्हणायची छाती कुणाची नाही.

सातवीपर्यंत शाळा. लहानपणापासून आईबरोबर मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहिलं. नवरा गेल्यावर उघाडीची राखण तिच्याकडे आली. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातला दरवाजा. भरतीला मिटायचा, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं. चौदा वर्षांत तिची एक भरती चुकली नाही. बांधाच्या आत तिचा भात, भाताला लागून तळं आणि तळ्यात तीन-तीन वर्षं पोसलेले जिताडे मासे. गोदूच्या तळ्यातला जिताडा म्हटलं की अलिबागचं गिऱ्हाईक पुढचं काही विचारत नसे. तिचा सगळा तोरा त्या तळ्यावर होता.

यंदा श्रावणी पौर्णिमेच्या उधाणाला, ऐन दुपारी, तळ्यापासून वीस पावलांवर बांधाला खांड गेली. खारं पाणी आत घुसलं. अशा वेळी घरटी एक माणूस धावतो, मजुरीचं नाव कुणी काढत नाही. आणि खांडीत पहिली भर टाकायची ती जिचं शेत जवळ तिनं. तिनं टाकली की मग गावानं. पण शेतातला चिखल पावसानं पातळ झालेला, टाकला की वाहून जायचा. तेवढ्यात रस्त्यावरून टेम्पो आला. गावाच्या वरच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी पत्र्याची मोठी शेड उभी राहिली होती. दारावर पाटी, ‘ई-कचरा पुनर्चक्रीकरण’. तिथला व्यवस्थापक कुलदीप टेम्पोतून उतरला. मागे भरलेली, तोंड शिवलेली दोनशे पोती.

“फुकट?” गोदूनं विचारलं.

“गावासाठी, मावशी. मातीच आहे. पडून होती आमच्याकडे.”

“तुझ्या शेडीत माती कुठून आली रं? तू तर मोडके कंपुटर घेतस.”

“पाया खणला ना आम्ही.”

“दोन वर्सांपूर्वी?”

तिचा दीर बुधाजी गुडघाभर पाण्यातून ओरडला, “वयनी, कोर्ट मागनं भरव! आदी पोतं टाक!”

गोदूनं पोतं उचललं आणि उचलतानाच तिच्या मानेला कळलं. मिठाचं पोतं तिनं अर्धं आयुष्य उचललं होतं. मातीच्या एवढ्याशा पोत्याला एवढं वजन नसतं. पण पाणी तळ्याच्या कडेला लागलं होतं. तिनं पोतं टाकलं. मग गावानं उरलेली टाकली. खांड बुजली, कुलदीपला नारळ दिला, पोरांनी त्याच्याबरोबर फोटो काढले.

चौथ्या दिवशी ओहोटीला ती कोयता घेऊन गेली आणि एक पोतं फाडलं. आत बोटभर जाडीच्या काचेचे तुकडे, कॉम्प्युटरमधल्या हिरव्या पट्ट्यांचा चुरा, जळक्या वायरीची राख. माती औषधालाही नव्हती. एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर कागदाची चिकटपट्टी होती. अक्षर ना मराठी ना इंग्रजी.

चिकटपट्टी तिनं भाचीला दाखवली. प्राप्ती उरणला बंदरातून परदेशी माल सोडवणाऱ्या एजंटाकडे कामाला आहे. तिनं फोन पट्टीवर धरला आणि पडद्यावरचं भाषांतर वाचलं.

“काय लिवलंय?”

“कुठल्या तरी परदेशी गावातली नगरपालिकेची शाळा. खोली नंबर चार.”

“तितल्या शाळेचा कंपुटर माज्या बांधात?”

“मावशी, टाकून द्यायला म्हणून असला कचरा आपल्याकडे आणायला बंदी आहे. वापरलेलं मशीन आणता येतं, पण परवानगी लागते. ते चालतं, अजून काही वर्षं चालेल, असा इंजिनियरचा दाखला लागतो.”

“मंजे कागदावर चालू मशीन, कंटेनरमधे भंगार. आनि दाखला देनारा मशीन लावून बगतो?”

“बघायला पाहिजे,” प्राप्ती म्हणाली. हे उत्तर गोदूनं नीट ऐकलं.

“आनि मोडून उरतं त्याचं काय?”

“तांबं, सोनं काढून घेतात. किती मोडलं ते सरकारच्या वेबसाइटवर भरतात. ही जाड काच जुन्या पडद्यांची, हिच्यात शिसं असतं. ती घातक कचऱ्याच्या ठरलेल्या जागी पाठवायची. तिथं पैसे भरावे लागतात.”

“आनि माजा बांध फुकट.” गोदूनं भाचीकडे रोखून पाहिलं. “तुज्या हापिसातनं तर न्हाय ना सुटला हा कंटेनर?”

प्राप्तीचा चेहरा उतरला. “रोज किती सुटतात, मावशी. मला काय माहीत.”

रक्ताचं माणूस, तरी संशय आला. असल्या धंद्याची खरी घाण ही. ती काचेत नसते, घरात येऊन बसते.

दुसऱ्या दिवशी गोदू शेडवर गेली. कुलदीपनं खुर्ची दिली, ती बसली नाही. त्यानं भिंतीवरचं फ्रेममधलं नोंदणीपत्र दाखवलं.

“सगळं नियमात आहे मावशी. घातक माल अधिकृत जागी जातो. पावत्या आहेत.”

“मग माज्या बांधात हाय ते काय?”

“माती. सांगितलं ना.”

“बरं. मग लिवून दे. अमुक तारखेला दोनशे पोती माती गावाला दिली. खाली तुजी सही, कंपनीचा शिक्का.”

कुलदीप हसला. मग हसू आवरलं. “त्याची काय गरज?”

“मातीच हाय तर भ्याचं काय?”

सही मिळाली नाही. त्याऐवजी आठवड्याभरात गावात निरोप आला की कंपनी देवळापुढे लादी बसवून देणार आहे. बुधाजी खूश. “वयनी, तुला चांगल्यातबी किडे दिसतात.” गोदू म्हणाली, “लादीखाली काय भरनार हायत, ते इचारलंस?”

तिनं जिल्ह्याच्या कार्यालयात अर्ज दिला. प्राप्तीकडून नियमांची नावं लिहून घेतली, बाकी मजकूर स्वतःचा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला कळलं, गुरुवारी साहेब पाहणीला येणार.

आणि मंगळवारी सकाळी बांधावर दोन टेम्पो हजर! एकात लाल माती, दुसरा रिकामा, सोबत आठ मजूर. साहेब येणार हे गोदूनं घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. मग कुलदीपला कुणी सांगितलं? कार्यालयातली खिडकी तिच्या डोळ्यापुढे आली. खिडकीमागचा, मान वर न करता शिक्का मारणारा माणूसही आला.

“मावशी, तुमचं समाधान करतो,” कुलदीप म्हणाला. “ती पोती उचलतो, ही लाल माती घालून देतो. भांडण मिटलं.”

गाव खूश झालं. विष जातंय, माती येतेय, बाईला आणखी काय हवं? गोदूलाही क्षणभर वाटलं, जाऊ दे. तळं सुटेल. पण पोती गेली की गुरुवारी साहेब लाल माती बघून जाणार आणि टेम्पो दुसऱ्या कुठल्या तरी बांधावर रिकामा होणार.

“चार दिसांनी उधान हाय,” ती शांतपणे म्हणाली. “आदी पोती काढलीस तर भरती आत येईल. आदी माती उतरव. आतल्या अंगानं नवा बांध घालू. मग पोत्यांचं बगू.”

कुलदीपला पटलं. माती उतरली. गाव लागलं, मजूर लागले, दिवेलागणीच्या आत आतल्या बाजूला कमरेएवढा बांध उभा राहिला. कुलदीपनं रिकामा टेम्पो पुढे घ्यायला सांगितलं. गोदू पोत्यांवर जाऊन बसली.

“‘मग’ मंजे गुरुवारी. साहेबांसमोर.”

“हे फसवणं झालं, मावशी.”

“मातीसाठी भांडतस कशाला रं एवढा?”

बुधाजी सगळं बघत होता. कुलदीपच्या माणसानं पोत्याला हात घातला तेव्हा तो येऊन वहिनीशेजारी बसला. मग आणखी दोघं बसले. टेम्पो रिकामाच परत गेला.

गुरुवारी साहेब आले. बूट न भिजवता जेवढं दिसतं तेवढं पाहिलं, दोन बाटल्यांत नमुने घेतले आणि पंचनामा गोदूपुढे सहीला धरला. गोदूनं चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. सहाव्या ओळीवर बोट थांबलं. ‘मातीसदृश पदार्थ’.

“हे खोडा.”

“बाई, तपासणीआधी आम्ही काही ठरवत नाही.”

“ठरवू नका. दिसतं तेवडं लिवा. जाड काच, हिरव्या पट्ट्या, राख, परदेशी शाळेची चिट्टी. माती आदी ठरवून बसलाव, ती तुमाला कुठं दिसली?”

साहेब चिडले. “आणि ही पोती बांधात टाकली कुणी? गावानंच ना? मग तेही लिहावं लागेल.”

माणसं एकमेकांकडे बघू लागली. बुधाजी खाकरला.

“लिवा ना,” गोदू म्हणाली. “पैलं मी टाकलं. माजं नाव घाला. दिलं कोनी, तेबी घाला.”

सहावी ओळ खोडली गेली, शेजारी सही झाली. तिसरी बाटली गोदूनं स्वतःसाठी सील करून मागितली आणि मिळाल्याशिवाय गाडीला वाट दिली नाही.

अहवालाला महिना लागेल म्हणाले. तीन होत आले. शेडला नोटीस लागली म्हणतात, पण पत्र्यामागचा घणाचा आवाज थांबलेला नाही. पोती तिथंच आहेत. गोदू रोज मोजते.

परवा अलिबागचं जुनं गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. घरी साखरपुडा, चार मोठे जिताडे हवेत. तळ्यात एकानं शेपूट मारली, तसा त्याचा चेहरा खुलला.

“न्हाय द्यायचे,” गोदू म्हणाली.

“भाव वाढवतेस का?”

“अहवाल आला न्हाय.”

“अगं, दिसायला तर झकास आहेत.”

“पोतीबी दिसाया झकास होती.”

त्यानं खूप मनधरणी केली. पाहुण्यांना काय सांगू, म्हणाला. शेवटी वैतागून गाडीत बसला आणि काच खाली करून ओरडला, “मग यांचं करणार तरी काय तू?”

भरतीची वेळ झाली होती. गोदू उघाडी मिटायला निघाली.