डबे नऊ, माणसं तेरा

अंधेरीच्या आमच्या चाळीत बाबांइतका पट्टीचा पोहणारा दुसरा नव्हता. हे मी नाही म्हणत, बाबाच सांगायचे. गावाला दप्तर डोक्यावर बांधून खाडी पोहत शाळेत जायचो, म्हणायचे, भरती असो नाहीतर ओहोटी. दर खेपेला ती खाडी थोडी रुंद व्हायची. विसर्जनाला चाळीतले पुरुष मूर्ती घेऊन पाण्यात शिरायचे आणि बाबा शिट्टी घेऊन काठावर उभे राहायचे. का, तर कुणी बुडायला लागलं तर पोहणारा माणूस बाहेर मोकळा पाहिजे ना! अख्ख्या चाळीला हे पटलं होतं. मलाही.

आमच्या मजल्यावर पहिला रंगीत टीव्ही आला त्या हिवाळ्यात होडीची टूम निघाली. रोज मासे घेऊन येणारी कोळीण वर्सोव्याची होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. एका रविवारी नवऱ्याच्या होडीतून खाडीपलीकडच्या मढपर्यंत फिरवून आणीन, असं ती बोलून गेली आणि झालं, मजल्यावर दुसरा विषयच उरला नाही. बायकांनी कुठल्या साड्या भिजल्या तरी चालतील ते ठरवलं, पुरुषांनी कॅमेरा कुणाकडून आणायचा यावर दोन संध्याकाळी घालवल्या.

आई येणार नव्हती. तिला बस लागायची, होडीचं तर नावच नको. निघायच्या सकाळी डब्यात चपात्या भरता भरता तिनं मला ओट्याजवळ ओढलं. मी तेव्हा सतरा वर्षांची आणि धाकटी बहीण पाच वर्षांची.

"धाकटीला सांभाळ. तुझ्या बाबांना पोहता येत नाही."

मी हसले. आई हसली नाही. लग्नाला वीस वर्षं झाली, गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेले बघितले नाहीत, म्हणाली. आणि हे कुणापाशी बोलायचं नाही, अशी वर ताकीद.

मला असा राग आला म्हणून सांगू! शाळेत, कॉलेजात मी त्या खाडीच्या गोष्टी मैत्रिणींना ऐकवत फिरले होते. वर्सोव्यापर्यंतच्या बसमध्ये मी बाबांशेजारी बसलेच नाही. ते मात्र मजेत होते. गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले होते, आणि असा मोकळा रविवार त्यांना कितीतरी दिवसांनी मिळाला होता.

किनाऱ्यावर बोंबील सुकत टांगलेले. त्या वासात नाकाला पदर लावून आमची वरात पाण्यापर्यंत गेली, तर मावशी कमरेवर हात ठेवून उभी. तिच्या पायाशी तेलाचे रिकामे डबे रचलेले, तोंडं डाख देऊन घट्ट बंद केलेली, प्रत्येकाला दोरी. ज्याला पोहता येत नाही त्यानं पाठीला डबा बांधायचा, नाहीतर होडीत पाय ठेवायचा नाही. आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. ठेवणीतली साडी आणि पाठीवर तेलाचा डबा, फोटोत काय ध्यान दिसणार! पण मावशी ऐकते कुणाचं. रोज पापलेटाच्या भावावरून जिच्याशी हुज्जत घालायचो, तिच्यापुढे त्या दिवशी सगळ्या गप्पगार.

आम्ही तेरा, डबे नऊ. मावशीनं विचारलं, पोहणारे कोण?

दोन शेजारी लगेच पुढे झाले. एक वेंगुर्ल्याचे, एक देवगडचे. कोकणातल्या माणसाला हे काय विचारणं झालं, अशी दोघांची छाती फुगलेली. आणि बाबा? त्यांना हातही वर करावा लागला नाही. सगळ्यांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. उरलेल्यांना डबे बांधले. मलाही, आणि घाटावरच्या काकूंनाही. त्या नगरकडच्या. शेवटच्या खोलीत राहायच्या, बोलायच्या कमी. त्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांनीही मुकाट्यानं डबा बांधून घेतला.

राहिली धाकटी. डबा तिच्यापेक्षा मोठा. तिला पोहणाऱ्याच्या मांडीवर द्या, असं मावशी म्हणाली आणि चार हातांनी तिला उचलून बाबांच्या मांडीवर ठेवलं. आता काही काळजी नाही, असं कोणीतरी म्हणालंसुद्धा.

बाबांनी धाकटीला असं आवळलं होतं की ती कुरकुरायला लागली. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी नजर चुकवली. मावशीचा नवरा होडी ढकलायला मागे गेला. बाबांना पोहता येत नाही. चार शब्द होते. सगळी चाळ बसलेली समोर, शिट्टीवाल्या बाबांच्या भरवशावर. आणि आईची ताकीद. मी तोंड उघडलं आणि मिटलं. होडी हलली.

"थांबा," बाबा म्हणाले. "मला पोहता येत नाही."

एरवी रागात असोत की बढाईत, बाबा मालवणीवर यायचे. हे वाक्य मात्र त्यांनी शाळेतल्या धड्यासारखं शुद्ध म्हटलं. कुणी हसलं नाही. मावशीनं होडी धरून ठेवली आणि उरलेल्या दोघांकडे नुसतं बघितलं. वेंगुर्ल्याचे शेजारी म्हणाले, तसं लहानपणी थोडंफार यायचं. देवगडच्यांनी तेवढंही न बोलता डब्यासाठी हात पुढे केला. मावशी कपाळावर हात मारून घेत हसली. समुद्राकाठची एवढी माणसं आणि पोहणारं एकही नाही?

"मला येतं की," घाटावरच्या काकू म्हणाल्या. "विहिरीत शिकले. असाच डबा बांधून."

मग आधी का नाही बोललात, असं सगळ्यांनी एकदमच विचारलं. काकू म्हणाल्या, विचारलंत कुठे? आणि येत असलं तरी डबा बांधला तर काय बिघडतं!

धाकटी त्यांच्या मांडीवर गेली. डबे पुरावेत म्हणून मावशीनं दोन फेऱ्या केल्या. आमच्या फेरीत बाबा डबा बांधून ताठ बसले होते. तसा त्यांचा एक फोटोही आहे. मढ छान होतं, वारा झकास होता, चपात्यांवर मात्र पाणी उडून त्यांची पार वाट लागली. पुढच्या विसर्जनाला बाबा शिट्टीबरोबर दोराला बांधलेले दोन डबे घेऊन काठावर उभे होते. कुणी नवखा विचारेल त्याला आपणहून सांगायचे, पोहता येत नाही म्हणून हे आणलेत.

पण ते नंतरचं. त्या दिवशी परतताना धाकटी बाबांच्या खांद्यावर झोपली होती आणि मी शेजारून चालत होते. माझा राग केव्हाच गेला होता. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि तो कसा सांगावा ते सुचत नव्हतं. बस स्टॉपशी आल्यावर ते थांबले.

"तुका म्हायत होता ना?"

मी हो म्हटलं. आईनं सांगितलं होतं.

"मगे बोलूक नाय कित्याक?"

तुम्हाला सगळ्यांसमोर कसं वाटलं असतं, मी म्हटलं.

बाबांनी धाकटीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. ते चिडले नव्हते, हेच मला जास्त लागलं.

"माझी लाज राखलंस," ते धाकटीची पाठ थोपटत म्हणाले. "आणि चेडू बुडला असता तर?"

बस आली. बाबांनी मला आधी चढायला सांगितलं. मी खिडकीशी बसले, बाबा शेजारी, आणि अंधेरी येईपर्यंत मी धाकटीचे पाय माझ्या मांडीवर धरून होते.