बुजवलेलं बावखल

अक्षया राऊत चिडली की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. नंदाखाल गावच्या वाडीवाल्यांची ही मुलगी इमारतींखालची माती तपासते. त्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसात तिचा आवाज फारच खाली आला होता.

"सात मजले चढवणार, आणि माती तपासायचे बोअर नुसते रस्त्याच्या कडेला? तिथे कडक मुरूम लागणारच. मधे का नाही घेतले?"

"सगळी जमीन सारखीच आहे, मॅडम."

"मधे बावखल होतं. वाडी शिंपायचं ते तळं तुम्ही डेब्रिज टाकून बुजवलंत. खालचा गाळ तसाच आहे. डहाणूकडे भूकंपाचा धक्का बसला, की कडेची जमीन हलून थांबेल आणि हा गाळ खरवसासारखा थरथरत राहील. वर माणसं झोपलेली असतील."

बिल्डरने जागेच्या मूळ मालकाकडे पाहिलं. तो मालक म्हणजे अक्षयाचे सख्खे काका, पांडुरंग. इमारतीत त्यांनाही फ्लॅट मिळणार होता.

"बावखल बिवखल काही नव्हतं गं," काका खाली बघत म्हणाले. "पावसात थोडं पाणी साचायचं, एवढंच."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. बिल्डर परका, तो खोटं बोलणारच. पण काका?

"मग कमरेला सुके भोपळे बांधून मला पोहायला कुठे शिकवलंत, काका? साचलेल्या पाण्यात?"

काका समोरचा नकाशा उगाच सरळ करू लागले.

"उद्या बोअरचं मशीन मधोमध लागेल," ती उठत म्हणाली. "वर येणारा गाळ तुम्ही हातात घेऊन बघा. ओळखाल."