केकला किती शिट्ट्या?

चहा हातात असेल तर आधी घोट गिळून घ्या. मी जे सांगणार आहे ते नुसतं आठवून परवा आमच्या आबांच्या नाकातून चहा आला. आणि आबा माझे आजोबा, म्हणजे माझ्या बाजूचे. बाकीच्यांचं काय झालं असेल बघा.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी नववीत आहे. वर्गात हजेरी इतकी हळू देते की बाई मान वर करून बघतात, पोरगी आली आहे का नक्की. दुकानात गेले तर तोंडाने मागत नाही, चिठ्ठी पुढे करते. लिहायला सांगा, पानंच्या पानं लिहीन. बोलायला तेवढं सांगू नका.

तर माझी धाकटी बहीण चिऊ पाच वर्षांची होणार होती. गेल्या वर्षी पप्पांनी शिरूरवरून केक आणला होता, मोटारसायकलवर, हँडलला अडकवून. शिरूर ते वडगाव रासाई रस्त्यात गतिरोधक किती आहेत ते त्या केकने मोजले. डबा उघडला तेव्हा केक एका कोपऱ्यात जाऊन बसला होता आणि नावातलं फक्त 'ऊ' उरलं होतं. चिऊ दोन दिवस रडत होती. "माझं नाव ऊ न्हाई," म्हणत.

तिला गप्प करताना मी बोलून गेले, "पुढच्या वर्षी मी घरीच करीन." लहान मुलं अभ्यास विसरतात, असलं काही विसरत नाहीत. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी चिऊने अख्ख्या अंगणवाडीला आमंत्रण दिलं. "माझी ताई केक करनार हाय. कुकरमदी."

आता माघार नव्हती. मी शबाना चाचींकडे गेले. चाची आमच्या शेजारी राहतात, आणि कुकरमधला केक गावात त्यांच्याइतका कुणाला जमत नाही. पण त्या दिवशी त्या बहिणीकडे दौंडला निघाल्या होत्या. पिशवी खांद्याला, एक पाय चपलेत.

"लिही पटकन," त्या म्हणाल्या. "मैदा, पिठीसाखर, दही, तेल, सोडा, वेलदोडा. कुकरात तळाला मीठ, त्याच्यावर ताटली, ताटलीवर केकचं भांडं. शिट्टी काढ. मंद गॅस, पाऊण तास. बस. वाढदिवसाला मी येतेच संध्याकाळपर्यंत."

मी सगळं वळणदार अक्षरात लिहून घेतलं. 'शिट्टी काढणे' याच्याखाली रेघही मारली.

घरी येऊन वाचलं आणि लक्षात आलं, किती शिट्ट्या ते चाचींनी सांगितलंच नाही.

आमच्या घरी रोजचं हेच बोलणं. आई शेतावर जाताना सांगते, "डाळीच्या चार शिट्ट्या काढ, भाताच्या दोन." बटाट्याला तीन. मग केकला किती? केक मऊ, तेव्हा एक पुरे. पण मीठ असताना? मीठ काय शिजत नाही. सगळा विचार केला. शिट्टी 'काढणे' म्हणजे आणखी काही असू शकेल, एवढा एकच विचार डोक्यात आला नाही.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी विचारून घ्यायचं ठरवलं. आबांचा फोन घेतला आणि काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. 'चाची, मी सायली. केकला किती शिट्ट्या काढायच्या?' तीनदा वाचून पाठ केलं.

फोन चाचांनी उचलला. चाची फोन घरीच विसरून गेल्या होत्या. चाचांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर मशीनच्या आवाजात बोलून त्यांचा आवाज भोंग्यासारखा झालाय.

"हॅलो. कोन?"

मी फोन ठेवला. चाचांसाठीचं वाक्य मी लिहिलंच नव्हतं.

नवीन वाक्य लिहिलं. परत लावला.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"किती..." एवढंच तोंडातून निघालं, बाकीचं वाक्य कागदावरच राहिलं.

"किती? किती काय? ओटीपी पायजे का तुला? न्हाई देनार जा. काय करायचंय ते कर."

तिसऱ्यांदा लावायचं धाडस होत नव्हतं, तेवढ्यात फोनच वाजला. चाचांनी चष्मा लावून नंबर बघितला होता. फोन आबांनी घेतला.

"आबा, तुमच्या नंबरावरनं कुनीतरी फ्रॉड करतंय," चाचा म्हणाले. ओसरीवर मलासुद्धा स्पष्ट ऐकू आलं. "पोरीचा आवाज काढून. एकदम बारीक."

"माज्या नंबरावरनं?" आबा घाबरले. त्यांनी फोन बंद केला, सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला आणि वर हात ठेवून बसले. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

ठीक आहे म्हटलं. एक शिट्टी. माझ्या जबाबदारीवर.

चार वाजता कुकर चढवला. मीठ, ताटली, भांडं. झाकण लावलं, शिट्टी नीट दाबून बसवली. चिऊ नवा फ्रॉक घालून गॅससमोर पाटावर बसली.

"शिट्टी झाली की केक झाला," मी तिला सांगितलं. ती तशीच उठून दारात गेली आणि बाहेर खेळणाऱ्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "शिट्टी झाली की या रे."

पंधरा मिनिटं झाली. कुकर गप्प. अर्धा तास झाला. आमच्या कुकरचं रबर सैल झालंय, आई रोज गार पाण्यात भिजवून बसवते. मी भिजवलं होतं. तरी कडेने नुसतं फुस्स फुस्स.

"ताई, शिट्टी कवा व्हनार?"

"होईल."

ओसरीवरून आबा म्हणाले, "सायले, तुजा कुकर पन तुज्याच वळनावर गेलाय. आतल्या आत तापतोय, तोंड उघडत न्हाई."

चिऊने कुकरकडे नीट बघितलं. "लाजतोय त्यो," ती म्हणाली.

दारात पोरं जमायला लागली होती. दर दोन मिनिटांनी एक डोकं आत यायचं. "झाली का शिट्टी?" आणि चिऊ एखाद्या नर्सबाईसारखी हात वर करून सांगायची, "अजून न्हाई. कुकर लाजतोय. गप बसा, मग व्हईल."

सतरा पोरं गप्प बसली. आमच्या ओसरीवर एवढी शांतता मी कधीच ऐकली नव्हती.

सव्वापाचला आई कांदे काढून आली. डोक्याचा टॉवेलही न सोडता तिने नाक वर केलं. "रबर कशाचं जळतंय गं?"

"शिट्टी होत नाहीये," मी म्हटलं.

"पानी किती घातलंस?"

"पाणी नाही. मीठ."

आईने माझ्याकडे बघितलं, कुकरकडे बघितलं आणि गॅस बंद केला. झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा रबर काठाला चिकटून चिवट झालं होतं. चिऊ टाचा उंचावून बघत होती.

पण आत केक होता. खरंच होता. फुगलेला, तांबूस, वेलदोड्याच्या वासाचा. आईने सुरी खुपसली, स्वच्छ बाहेर आली.

"भाजलाय गं," ती म्हणाली, आणि तिलाच आश्चर्य वाटलं.

मी इतकी हुरळले की गार व्हायची वाट न बघता भांडं ताटात पालथं घातलं. केक बाहेर आला, पण या काठापासून त्या काठापर्यंत वाकडीतिकडी भेग घेऊन. मी घोटभर पाणी प्यायले. मग साय आणि साखर फेटली, भेगेत भरली, दोन्ही बाजूंनी रंगीत बडीशेप लावली.

चिऊने वाकून बघितलं. "आपली नदी," ती म्हणाली. "ही भीमा. आन् ही शेतं."

मी मान हलवली. आधीपासून तेच करायचं होतं, असं दाखवायला काय जातंय.

केक ओसरीवर ठेवला, मेणबत्ती लावली. मला वाटलं, सुटले. चिऊच्या हातात आईने सुरी दिली आणि चिऊने ती खाली ठेवली.

"शिट्टी न्हाई झाली."

"अगं, झाली समज," आई म्हणाली.

"मी न्हाई ऐकली."

"आमी पन न्हाई ऐकली," सतरा पोरं म्हणाली.

आईने समजावलं. आबांनी दहाची नोट दाखवली. चिऊ हलेना. ताईने सांगितलं होतं, शिट्टी झाली की केक झाला. शिट्टी नाही म्हणजे केक झाला नाही, आणि न झालेला केक कापायचा कसा? तिचं चुकत कुठे होतं? कुकरमध्ये पाणी घालून परत ठेवावा, तर रबर कामातून गेलेलं. मेणबत्ती वितळून भीमेत टपटपायला लागली होती. चिऊचा खालचा ओठ बाहेर आला. मी तो ओठ ओळखते. गेल्या वर्षी 'ऊ' बघून तो असाच बाहेर आला होता.

तेव्हा आबांनी माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, "सायले. बाजरीतली काढ की."

आता हे गुपित तुम्हाला सांगावं लागणार. मी चौथीत होते तेव्हा आबांबरोबर बाजरीच्या राखणीला जायचे. शेतातल्या माळ्यावर उभं राहून दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला त्यांनीच मला शिकवलं. माझ्या शिट्टीने पाखरं नदीपलीकडे जाऊन बसायची. सातवीत गेल्यावर आईने ते बंद केलं. पोरीच्या जातीला शोभत नाही म्हणाली. तेव्हापासून मी शिट्टी मारली नव्हती, आणि वर्गात कुणाला सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

मी आईकडे बघितलं. आईने चिऊच्या ओठाकडे बघितलं. मग ती उगीचच पदर झटकायला लागली आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी स्वयंपाकघरात गेले. दाराआड उभी राहिले. दोन बोटं तोंडात घातली आणि डोळे मिटले.

दोन वर्षांची साठलेली होती ती. रॅकवरची ताटं वाजली. शेजारची म्हैस ओरडली. लिंबावरचे कावळे उठले ते मी आतून ऐकले. बाहेर पोरांनी एकच गिल्ला केला, "झाली झाली, शिट्टी झाली," आणि चिऊ सगळ्यांच्या वर ओरडली, "माज्या ताईचा केक झाला."

मी दाराआड भिंतीला टेकले. पहिल्या नंबराने पास झाल्यावरसुद्धा मला इतकं भारी वाटलं नव्हतं.

टाळ्या चालू होत्या तेवढ्यात चाचा धावत आले, हातात पकड. "आबा, काय फुटलं?" त्यांच्या मागोमाग दौंडच्या गाडीतून नुकत्याच उतरलेल्या चाची, पिशवीसकट.

"कुकरची शिट्टी झाली," चिऊने केक तोंडात कोंबत सांगितलं.

"कुकर तर हितं हाय," एक पोरगी म्हणाली. मोरीजवळ खरकट्यात कुकर पालथा पडला होता.

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. मी बाहेर आले. दोन बोटं अजून ओलीच होती.

चाचींनी पालथा कुकर सरळ केला, जळकं रबर बघितलं, झाकणावर घट्ट बसलेली शिट्टी बघितली. "सायली, तुला शिट्टी काढ म्हनले व्हते ना मी?"

"काढली की," आबा म्हणाले. "आत्ताच काढली. समद्या गावानं ऐकली."

"काढ म्हंजी उचलून बाजूला ठेव गं बाई," चाची म्हणाल्या आणि हसू आवरेना म्हणून पायरीवरच बसल्या. "रबर पन काढायचं असतंय. केकला कुठं शिट्टी देतात व्हय?"

चाचा मात्र हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजी ते 'किती' विचारनारी तू व्हतीस?"

मी मान हलवली.

"आन् मी दुपारी पोराला सांगून बँकेचं ॲपच बंद करून घेतलं."

केक संपला. एका कडेला रबराचा वास येत होता, ती कड मी आणि आईने खाल्ली. खाता खाता आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवाज अजून तसाच हाय तुजा." मी ते वहीत लिहून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या आळीतल्या काकू आल्या. आईला म्हणाल्या, "रविवारी आमच्या पोरीचा बड्डे हाय. सायलीला पाठवा. पोरगी हटून बसलीय, तीच पायजे म्हनून."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. वही उघडली, पेन काढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्या बाईला मोठ्याने, स्वतःहून विचारलं, "काकू, केक केवढा करू?"

काकू जरा ओशाळल्या. "केक शिरूरवरनं सांगितलाय गं," त्या म्हणाल्या. "तू आपली शिट्टीपुरती ये."