काशीनाथ रोज पक्ष का बदलतो

आमच्या घोलवडात आवई उठलीय की चिकूवाडीवाला काशीनाथ रोज पक्ष बदलतो. मला राहवेना, मी कुंपणाला कान लावला. तसं काही नाही. लकव्याने त्याच्या बायकोची, बकुळाची, वाचा गेलीय आणि डॉक्टरांनी सांगितलंय, तिला बोलायला लावा. बातम्यांची तिला भारी हौस. म्हणून दिल्लीत उलथापालथ झाली की हा ओटीवर चिकू निवडता निवडता कोण कुठल्या पक्षात गेला ते मुद्दाम चुकीचं सांगतो; रस्त्यावरून ऐकणाऱ्याला वाटतं, हाच रोज पक्ष बदलतोय. चुकीचं तिला खपत नाही. काल ती चिडून "खोटं" म्हणाली, तेव्हा याच्या हातातला चिकू पडला.

मी विचारलं, "काय रे काशीनाथ, मग तुझा खरा पक्ष कुठला?"

"ती नीट बोलायला लागली की तिलाच विचार," तो म्हणाला. "आमच्याकडे मत कोणाला द्यायचं ते तीच सांगते."