ताईच्या पाठीमागचे स्पीकर

बाजारात त्याला सगळे कानसेन म्हणत. आपल्याला हे नाव आवडत नाही असं तो सांगायचा, पण कुणी हाक मारली की पहिल्याच हाकेला वळायचा.

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर भारी स्पीकरचं दुकान होतं, तिथे तो नोकरीला. आतल्या खोलीत भिंतींना जाड कापड, खाली गालिचा आणि मधोमध एकच खुर्ची. गिऱ्हाईक त्या खुर्चीत बसायचं आणि कानसेन पडद्याआडून स्पीकर वाजवायचा. कुठला वाजतोय ते सांगायचा नाही. कुणी कुरकुर केली तर म्हणायचा, "पडदा काढला की डोळे ऐकायला लागतात, साहेब."

पडद्याच्याही आधीचा एक नियम होता. तुलनेला लावलेल्या दोन्ही जोड्यांचा आवाज मोजून सारखा करायचा. एक जोडी किंचित मोठी वाजली की माणसाला तीच चांगली वाटते. सभेतही हेच चालतं, फक्त तिथे मोजायला कुणी नसतं.

पण त्याचं खरं काम सोयरीक जुळवायचं. "स्पीकर म्हणजे गळा आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे छाती," तो सांगायचा. "गळा दांडगा आणि छाती पोकळ, की दुसऱ्या ओळीला धाप लागते. दोघांचं पटलं पाहिजे. नुसतं देखणेपण बघून घर चालतं का?" नवरा-बायको मिळून आलेले असले की या वाक्याला बायको हमखास हसायची आणि नवरा अ‍ॅम्प्लिफायरकडे बघायचा.

हा कान त्याला मिळाला ताईकडून. आईबाप लवकर गेले. ताईनं लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं. शाळा, चपला, दवाखाना, सगळं तिच्या मशीनच्या पायडलवर चाललं. कापड कापायच्या टेबलाखाली झोपून तो एका कानानं मशीन ऐकायचा आणि दुसऱ्या कानानं फळीवरचा रेडिओ. तिनं स्वतःसाठी घेतलेली एकच वस्तू, तो रेडिओ. आता तो म्हातारा झाला होता, गाण्यापेक्षा खरखर जास्त. तरी ताई तोच लावायची. दुसरा आणू का, असं विचारलं की म्हणायची, "माझं भागतंय."

असं म्हणणाऱ्या माणसाचे उपकार फेडायचे कसे? भागतंय, भागतंय म्हणत ती आयुष्यभर मागे सरकत राहिलेली. आणि चांगला आवाज काय फक्त बंगलेवाल्यांच्या बापाचा आहे? कानसेनला हे आतून टोचत होतं. दिवसभर परक्यांना गाणी ऐकवायची आणि जिच्यामुळे हे कान मिळाले तिच्या घरी खरखर.

दुकानात नवीन माल आला तेव्हा मालकानं नमुन्याची जुनी जोडी त्याला देऊन टाकली. माणसाच्या छातीएवढे उंच उभे स्पीकर आणि त्यांना खेळवणारा पैलवानी अ‍ॅम्प्लिफायर. कानसेन जग जिंकल्यासारखा ते ताईच्या खोलीवर घेऊन गेला. दोन कोपऱ्यांत दोन उभे केले, मधोमध खुर्ची ठेवली आणि ताईला तिच्यात बसवलं.

"अगं बाई," ताई म्हणाली. "यांना जेवायला पण वाढायचं का?"

"ऐक तरी."

ती हात मांडीवर ठेवून, फोटोला बसल्यासारखी बसली. गाणं संपल्यावर म्हणाली, "छान आहे." मग उठून मशीनवर गेली. त्या खुर्चीत कानसेन बसला, पुढची दोन गाणी ऐकली आणि डोळे पुसत घरी आला.

पुढच्या आठवड्यात तो न सांगता गेला. दोन्ही स्पीकरवर चादर टाकलेली, चादरीवर शिवून झालेल्या पँटींच्या घड्या आणि फळीवर रेडिओ खरखरतोय.

कानसेनचं टाळकं सरकलं. "हे काय कपाट आहे का? मी काय आणून दिलंय ते कळतं तरी का तुला? तुला कशाची कदर नाही, ताई."

ताईनं पायडल थांबवलं. "झालं बोलून? आता खाली बस आणि आवाज उतरव. तो काय तुझ्या दुकानातल्यासारखा मोजून सारखा करायला नको."

तो बसला.

"बारक्या, मला त्यात माझं मशीन ऐकू येत नाही," ती म्हणाली. "सुई बोथट झाली, टाका सुटला, दोरा ताणला, हे मला आधी कानाला कळतं. डोळ्यांचं काय, ते आता शिवणीपुरतेच उरलेत. तुझे हे पैलवान घुमायला लागले आणि मी एका पँटीची अख्खी शिवण सुटलेल्या टाक्यांची घातली. सगळी उसवत बसले."

"मग तेव्हाच सांगायचंस ना."

"रडत होतास तू खुर्चीत बसून. तुला कुठल्या तोंडानं सांगू?"

 दुकानात आलेल्या प्रत्येकाला कानसेन आधी विचारायचा, खोली केवढी, कुठे बसता, ऐकताना काय करता. ताईला त्यानं यातलं काही विचारलं नव्हतं. ताई खुर्चीत कधी बसतच नसे. ती भिंतीशी, खोलीकडे पाठ करून, मशीनवर बसायची. उपकार फेडायला निघालेला माणूस बहुतेक वेळा आपल्याच हौसेचं सामान घेऊन जातो.

"एकदा अजून बघू दे मला," तो म्हणाला. "नाही जमलं तर हाच रेडिओ दुरुस्त करून देतो, परत या विषयावर तोंड उघडणार नाही."

"परत नाही म्हणजे नाही. मग कायमचं मिटलं."

"मिटलं."

मालकाला हे सांगितल्यावर तो हसायलाच लागला. "अहो कानसेन, शिलाई मशीन चालू ठेवून ऐकवणार? आपली गिऱ्हाइकं पंखा बंद करतात."

"ती ऐकताना काम करत नसतात."

"बरं बरं, चिडू नका. घेऊन जा काय हवं ते, पटेल ते त्या जुन्या जोडीच्या बदल्यात ठेवून घ्या. बाकीच्यांवर ओरखडा पाडू नका म्हणजे झालं."

सुट्टीच्या दिवशी सकाळी तो सामान घेऊन ताईकडे पोचला. तिच्या पाठीमागच्या फळीवर जोड्या मांडल्या. पडद्याची गरजच नव्हती. ती मागे वळून बघणारी नव्हती. तिच्या कानाच्या उंचीवर मोबाइल धरून, त्यावर मोजून त्यानं प्रत्येक जोडीचा आवाज सारखा करून घेतला. "डोकं हलवू नकोस," तो म्हणाला. "केस कापतोयस का?" ती म्हणाली आणि पायडल मारायला लागली.

पहिली जोडी छोटी, सोबत दिव्यांचा, म्हणजे जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा, कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर. आवाज मधासारखा. पण गाणं वर चढलं तसा तो अ‍ॅम्प्लिफायर धापा टाकू लागला.

"हा गाणारा दमलाय का रे? चहा दे त्याला."

कानसेननं दुसरी लावली. कर्ण्याच्या तोंडाची, त्याच दिव्यांच्या ताकदीत मोकळी गाणारी. सोयरीक अशी की दुकानात कुणीही टाळी दिली असती. पण ताईचा पाय थांबला. तिनं दोरा तपासला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली.

"काय झालं?"

"दोरा तुटला वाटलं. तुटलेला नाही. तुझ्या गाण्यातच काहीतरी टोचतंय."

आता एकच जोडी उरली होती. साध्या बंद पेट्या, दिसायला चपलांच्या खोक्यांसारख्या. भपका नाही म्हणून दुकानात त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. पण त्या भिंतीला टेकूनही घुमत नाहीत, हे कानसेनला माहीत होतं. दिव्यांच्या छातीला त्या जड गेल्या असत्या, म्हणून त्यानं साधा, ठाम अ‍ॅम्प्लिफायर जोडला. गाणं सुरू केलं आणि जमिनीवर बसला.

ताई शिवत राहिली. गाणं संपलं, दुसरं लागलं.  चांगलं की वाईट, पाठीवरून काय कळणार?  निम्म्या कडव्यात ताई म्हणाली, "थांबव."

संपलं, असं त्याला वाटलं. त्यानं बटण दाबलं.

ताईनं चाकावर हात ठेवला, सुई वर घेतली, काढली आणि उजेडात धरली. "बोथट झालीय बघ. ऐकलंस ना, ठक ठक मधून कसा भुसभुशीत आवाज यायला लागला होता?"

कानसेननं ऐकलं नव्हतं. तो गाण्यातच होता.

"गाण्यात ऐकू आलं तुला?"

"आलं की. तो त्याचं गात होता, मशीन आपलं बोलत होतं. कुणी कुणाच्या मध्ये आलं नाही." तिनं नवी सुई बसवली, दोरा ओवायला त्याच्याकडे दिला. त्यानं ओवला. "हे राहू देत इथेच. ते दोन पैलवान मात्र आजच्या आज उचल, मला कापड पसरायला जागा नाही."

"उचलतो."

"आणि ते कडवं अर्धं राहिलं, परत लाव." पाय पायडलवर ठेवून ती क्षणभर थांबली. "जरासं मोठं करशील?"

ताईनं आपल्याकडे आजवर काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. या वेळी मात्र त्यानं रडणं गिळलं, नाहीतर ती पुन्हा "छान आहे" म्हणून मोकळी झाली असती. तो उठला आणि त्यानं आवाज जरासाच वाढवला, मशीन ऐकू येत राहील इतकाच.