ढालकिड्यांचा मुक्काम

माघ सरता सरता यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि विष्णुपुरीच्या आमच्या घरात दिवस एकदम संथ झाले. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. काळा चष्मा लावून हे आतल्या खोलीत पडून असायचे. पांढऱ्या पडद्यांतून ऊन दुधासारखं झिरपायचं, पंखा फिरत राहायचा. सकाळ कुठं संपली, दुपार कुठं लागली, काही कळायचं नाही.

एका दुपारी मी चहा घेऊन गेले. यांनी कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"एक सांगू? घाबरू नको."

"काय झालं?"

"लाल ठिपके दिसून राहिलेत. सकाळपासून. हलतात बी."

ठिपके दिसले तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलेलं. "अन् सकाळपासून तुम्ही गप्प बसलात?"

"म्हटलं, जातील." मग हळूच म्हणाले, "डोळा गेला तर गेला. दुसरा हाय अजून."

जन्मात कशाला न भ्यालेला माणूस. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. मी ऑटोवाल्याला फोन लावायला निघाले, उजेड हवा म्हणून पडदा ओढला आणि तिथंच थांबले. पडद्याच्या चुण्यांत, चौकटीवर, भिंतीवर डाळीएवढे गोल, लालबुंद ढालकिडे. काही नुसते बसलेले, काही चढून राहिलेले. त्यातला एक मी अलगद उचलला आणि यांच्या तळव्यावर ठेवला.

"हा घ्या तुमचा ठिपका."

यांनी चष्मा वर केला, तळवा जवळ नेला. बराच वेळ बघत राहिले. "अगं, याला पाय हायेत!" म्हणाले आणि हसायला लागले. मला मात्र रडू फुटलं. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी रडले नव्हते.

घरामागच्या रानातली करडई नुकतीच काढली होती. पिकावरची माव्याची कीड खाऊन जगणारे हे किडे आता उघड्यावर पडले आणि खिडकीच्या फटींतून आमच्याकडे आले. माझं माहेर जळकोटचं. लहानपणी करडईच्या काट्यांतून हात घालून आम्ही बहिणी ते बोटावर चढवायचो. टोकाशी पोचला की उडायचा, आणि तो ज्या दिशेला जाईल तिकडचं सासर, असं एकमेकींना चिडवायचो. यांना हे मी कधी सांगितलंच नव्हतं.

शेजारच्या ताई फवाऱ्याचा डबा घेऊन आल्या. "मारा की, एका झटक्यात साफ!" पण यांच्या डोळ्याला तो फवारा नको होता, आणि माझ्याही मनात येईना. पहिल्यांदा झाडूनं झटकायला गेले तर चिरडलेल्यांचे पिवळे डाग पडले, कडवट वास सुटला. एक पडदा वाया गेला. मग रंगाचा मऊ ब्रश आणि जुना स्टीलचा डबा घेतला. हे पडल्या पडल्या सांगायचे, "वरच्या कोपऱ्यात बघ. हां, दांडीच्या मागं." मी स्टुलावर चढून किड्यांना डब्यात लोटायची, वर मलमलीचं फडकं बांधायची. ऊन उतरलं की परसातल्या वालाच्या वेलावर सोडायची. माव्यानं तो वेल काळा पडला होता. फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, तरी सकाळी थोडे पुन्हा पडद्यावर असायचेच.

त्या दिवसांत दुपारी आम्ही किती बोललो! यांच्या शाळेतल्या मारामाऱ्या, माझ्या बहिणी, लग्नात दोघांनाही न आवडलेला बँडवाला. बोलता बोलता मध्येच झोप लागायची, जाग आली की गोष्ट तिथूनच पुढं. कधी एखादा ढालकिडा यांच्या पांढऱ्या बंडीवर चढायचा आणि हे श्वास रोखून त्याला खांद्यापर्यंत जाऊ द्यायचे.

ऊन तापू लागलं तसे किडे विरळ झाले. वालाला नवी पालवी आली, उशिरानं शेंगाही धरल्या. डॉक्टरांनी डोळा तपासून चष्मा काढायला सांगितलं. आता हे सकाळी विष्णुपुरीच्या धरणाकडं फिरायला जातात. पण जेवणं झाली की मला हाक मारतात, "ये गं, बस जरा." मी भांडी तशीच ठेवते आणि जाते.