डोकं दिसल्याशिवाय टिक नाही

माझ्या वहीत त्या मंगळवारच्या पानावर सोळा कामं लिहिली होती. पहिलं, नऊ वाजता मोजणी. शेवटचं, साडेअकराला टॅक्सी. मधली चौदा कामं या दोहोंत बसवायची होती आणि ती बसत होती, कारण आदल्या दिवशी मी घड्याळ लावून पाहिलं होतं. दुपारी दोनचं विमान, संध्याकाळी पुणे, रात्री सांगली आणि बुधवारी सकाळी दहा वाजता मुलाखत.

मी कोलकात्यात साप सांभाळते. हे वाक्य नातेवाइकांना सांगून आता कंटाळा आला आहे, पण इथे सांगायलाच हवं. नवऱ्याच्या बदलीबरोबर आम्ही कोलकात्याशेजारच्या बराकपूरला आलो. प्राणिशास्त्राची पदवी होती आणि सरकारी क्वार्टरमध्ये दिवसभर बसवत नव्हतं. शहराच्या दक्षिण टोकाला एका छोट्या सर्पोद्यानात तात्पुरती जागा निघाली, तेव्हा तीन वर्षं वेळ जाईल म्हणून मी ती धरली. तीन वर्षांनी नवऱ्याची बदली झाली, आणि त्याच महिन्यात माझी जागा कायम झाली. पगार चांगला होता, मुलगी लहान होती, "एक वर्ष बघू" असं ठरलं. तो नागपूर, भोपाळ करत शेवटी लवकर निवृत्ती घेऊन सांगलीला आईजवळ राहायला गेला. मुलगी हॉस्टेलला गेली, मग नोकरीला लागली. मी बराकपूरला दोन भाड्याच्या खोल्यांत राहिले. सकाळची सियालदहची गाडी, तिथून बस, आणि मग तो बोळ. एकवीस वर्षं.

सांगलीपासून तासाभरावर नवीन सर्पोद्यान होत होतं आणि त्यांना प्रमुख हवा होता. वयाची अट पन्नास. मला एकोणपन्नास पुरी झाली होती. अशी जागा माझ्यासाठी पुन्हा निघणार नव्हती, हे कळायला यादी करायची गरज नव्हती.

बोळाबद्दल सांगते. सर्पगृहाला समोरून काचा आहेत, तिथून लोक बघतात. मागच्या बाजूला एक अरुंद बोळ आहे, हात पसरले तर दोन्ही कोपरं भिंतींना टेकतील इतका. बावीस पिंजऱ्यांची मागची दारं या बोळात उघडतात. बोळाला बाहेर पडायला एकच लोखंडी दार आहे आणि त्याला डोळ्यांच्या उंचीवर वीतभर जाळी, बाहेरून उघडता येणारी. रोज सकाळी एकाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेर रजिस्टर घेऊन उभं राहायचं. बाहेरचा नंबर वाचतो, आतला बघून सांगतो.

मी आले तेव्हा हे रजिस्टर आठवणीने भरलं जायचं. एकदा रिकामा म्हणून लिहिलेल्या पिंजऱ्यात घोणस निघाली आणि आमच्यातल्या सर्वांत जुन्या माणसाच्या डाव्या हाताचं अर्धं बोट गेलं. त्यांना मी दादा म्हणते, ते मला दिदी म्हणतात. त्यानंतर मी नियम लिहून बोळाच्या दारावर लावले. फोन आत न्यायचा नाही. सापाचं डोकं दिसल्याशिवाय टिक करायची नाही. मोजणीत एक जरी साप कमी भरला तर बाहेरच्याने दाराला कुलूप घालायचं, आणि साप सापडून पहिल्या नंबरपासून पुन्हा मोजणी पुरी होईपर्यंत उघडायचं नाही. आत कोण आहे ते बघायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी लाल शाईने लिहिलं होतं.

दादांना माझ्या याद्यांची गंमत वाटायची. "दिदी, तुमच्या वहीत साप जास्त दिवस जगतात," असं ते म्हणायचे. पण नियम त्यांनीच सगळ्यांना पाठ करायला लावले.

चौदा नंबरला पट्टेरी मण्यार होती. इकडे तिला शांखामुटी म्हणतात. चांगली चार हात लांब, अंगावर काळे आणि पिवळे रुंद पट्टे. विष जबर, पण दिवसा इतकी लाजाळू की पिंजऱ्यातल्या मडक्यात वेटोळं करून डोकं खाली खुपसून पडते. तिचं डोकं बघायचं म्हणजे साप उचलायच्या लोखंडी आकड्याने एकेक वेढा हळूहळू उचलायचा, त्यात दहा मिनिटं जातात आणि ती बिथरली तर खाल्लेलं उलटून टाकते. त्यामुळे चौदा नंबरला सगळ्यांनी न बोलता एक सवलत दिली होती. मडक्यात टॉर्च मारायचा, पट्टे दिसले की टिक. ही सवलत दारावर लिहिलेली नव्हती. मीही ती घेत होते.

त्या दिवशी दादा बाहेरून नंबर वाचत होते. दोघं सुट्टीवर होते, दोलची, म्हणजे इकडच्या होळीची, सुट्टी लागून आली होती, आणि तिसरा सापांचं खाणं आणायला गेलेला, तो दुपारीच परतणार होता. म्हणजे आम्ही दोघंच.

"तेरो?"

"आहे."

"चोद्दो?"

मी मडक्यात टॉर्च मारला. पट्टे दिसले. "आहे" ओठांवर आलं आणि थांबलं, कारण त्यावर चमक नव्हती. शांखामुटीचं अंग ओल्या फरशीसारखं चमकतं. मी आकडा आत घातला आणि जे वर आलं त्याला वजनच नव्हतं. कात होती. सुकलेली, काळ्या आणि फिक्या पट्ट्यांची. टॉर्चच्या पिवळ्या उजेडात फिके पट्टे पिवळे दिसले होते.

"दादा, चौदा नाही."

कुलूप लागल्याचा आवाज आला. त्यांनी एक शब्द विचारला नाही. मी त्यांना असंच शिकवलं होतं.

मी पिंजरा तपासला. पाणी जायच्या भोकावरच्या जाळीचा एक कोपरा वाकला होता. तिथून साप बोळातल्या गटारात येऊ शकत होता, पण गटाराच्या टोकाची जाळी शाबूत होती. म्हणजे ती बोळातच होती, माझ्याबरोबर.

दादा जाळीशी आले. "दिदी, काल माथा देखेछिलेन?"

काल डोकं पाहिलं होतं का. सोमवारची मोजणी माझी होती.

"टिक आहे ना," मी म्हणाले.

"टिक आहे," ते रजिस्टर बघून म्हणाले.

घड्याळात पावणेदहा झाले होते. मी बोळाचे मनात भाग पाडले आणि दारापासून सुरुवात केली. गटार. पिंजऱ्यांखालची जागा. पाण्याचं पिंप सरकवून त्यामागे. झाडू, बादल्या, भुशाची पोती. जमिनीवर गुडघे टेकायचे नाहीत, आधी आकडा, मग टॉर्च, मग डोळे. जे झालं ते खडूने भिंतीवर लिहीत गेले. थंडीत पिंजऱ्यांवर टाकायची कांबळी धोब्याकडे जाण्यासाठी एका पोत्यात भरलेली होती, तोंड सुतळीने आवळलेलं. ते पोतं मी सोमवारी मोजणीच्या आधी, साडेआठला, स्वतः बांधलं होतं. नऊ वाजता साप मडक्यात होता, म्हणजे साडेआठला बांधलेल्या पोत्यात असणं शक्य नाही. खडूने पोत्यापुढे फुली मारली.

चौदाचं मागचं दार मी उघडंच ठेवलं होतं. एकदा त्यातून पाहिलं तर पलीकडे काचेला नाक लावून एक बाई पाटी वाचत होत्या. त्यांनी वर पाहिलं, मला पाहून दचकल्या, मग हसल्या, मग फोन काढून माझा फोटो घेतला आणि पुढे गेल्या.

अकरा वाजता माझा फोन वाजला. तो दादांकडे होता. त्यांनी तो स्पीकरवर टाकून जाळीला लावला.

"अगं, निघालीस का?" नवऱ्याचा आवाज.

"नाही. आत आहे."

"आत म्हणजे?"

"बोळात. एक साप कमी भरलाय. दाराला कुलूप आहे."

"मग उघडायला सांग ना."

"नियम आहे."

"कुणाचा?"

आम्ही कॉलेजात एका वर्गात होतो, माझी वही तो तेव्हापासून ओळखतो.

"अरे, नंतरचं विमान बघ ना एखादं," मी म्हणाले.

"बघतो. पण होळीची गर्दी आहे." मग, "आईने पुरणाला डाळ भिजत घातलीय. तू येतेस म्हणून होळी एक दिवस आधीच करायचं ठरवलंय तिने."

साडेअकराला बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. सर्पगृहाच्या भिंतीमुळे तो फार लांबून आल्यासारखा वाटला. दादा दाराशी आले, तोंड जाळीजवळ आणून हळू बोलले.

"दिदी, मी उघडतो. तुम्ही जा. मी आत येऊन शोधतो."

"बाहेर कोण राहणार?"

"कुणाला कशाला राहायला पाहिजे? शांखामुटी आहे, दिवसा काही करत नाही."

"डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन शोधणार तुम्ही? एकटे?"

"बरं. मग शोधत नाही. टिक मारतो. कात आहे म्हणजे साप होताच ना! उद्या दोघं येतील तेव्हा बघू."

हे ते जाळीला हात टेकवून बोलत होते. अर्धं बोट माझ्या डोळ्यांसमोर होतं. हॉर्न पुन्हा वाजला. मला त्या क्षणी ते दार किती हवं होतं, ते मी वहीत कुठेच लिहिलेलं नाही. "उघडा" एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी किल्ली खिशातून काढलेली मला दिसत होती.

"टॅक्सीला अर्धा तास थांबायला सांगा," मी म्हणाले आणि वळून पुन्हा पिंपापासून सुरुवात केली.

तेच पिंप, तेच गटार, तीच पोती. दुसऱ्यांदाही काही नाही. बारा वाजून गेले. टॅक्सीवाला थांबला नाही, तो गेल्याचं दादांनी सांगितलंही नाही, पण हॉर्न बंद झाला होता. मी भिंतीवरची खडूची यादी वाचत उभी राहिले. बोळात एकच जागा उघडलेली नव्हती. आणि ती उघडली नव्हती कारण माझ्या अक्षरातली एक टिक सांगत होती की गरज नाही.

"दादा."

"बोला."

"काल डोकं नव्हतं पाहिलं. पट्टे पाहिले होते."

ते म्हणाले, "मला वाटलंच. चौदाचं डोकं मीसुद्धा किती वर्षांत पाहिलेलं नाही." आणि मग, अगदी कामाच्या आवाजात, "कांबळी बघा."

मी पोतं आकड्याने बोळाच्या मधोमध ओढलं. लांबूनच सुतळी कापली. पहिलं कांबळं, दुसरं, तिसरं. चौथ्याची घडी उलगडली आणि त्यात ती होती, काळी-पिवळी, ओल्या फरशीसारखी चमकणारी. सोमवारी सकाळी त्या कांबळ्यांच्या घड्या मी छातीशी धरून पोत्यात भरल्या होत्या. तीन वाजता धोबी येणार होता आणि तोही ती तशीच उचलणार होता. मंगळवारच्या पानावर ते माझंच काम होतं, दुपारच्या माणसाला सांगायचं: पोतं धोब्याला द्या.

कोपऱ्यातली साप ठेवायची पेटी ओढून मी तिला आकड्याने आत सोडलं.

पावणेदहाला दादांना खरं उत्तर दिलं असतं तर दहाच्या आत हे पोतं उघडलं असतं. साडेअकराला मी टॅक्सीत बसले असते. या गोष्टीला दुसरी कुठली बाजू नाही. दाराने मला अडवलं नाही, कुलपानेही नाही. मी पुढे वर्षभर लोकांना "अचानक काम निघालं" असं सांगितलं.

दीड वाजता नवऱ्याचा पुन्हा फोन आला. दादांनी तो जाळीला लावला.

"मुंबईचंही फुल्ल आहे. हैदराबादवरून होतं, तेही गेलं. तिकडच्या लोकांशी बोललो. ते म्हणाले, समोर यावंच लागेल, एकाच दिवशी सगळं आहे."

"बरं."

"सापडला का?"

"सापडला."

दादा दुसरीकडे बघत फोन धरून उभे होते. त्यांना मराठी येत नाही, आमचं सगळं बोलणं बांगलात चालतं, पण एकवीस वर्षं माझे फोन ऐकल्यावर काय येत नसेल?

"एक विचारू?" नवरा म्हणाला. "तुला यायचं होतं ना नक्की?"

"होतं," मी म्हणाले. त्याने विचारलं याचा राग आला, आणि त्याला विचारावं लागलं याचं आणखी काहीतरी झालं, ज्याला मला नाव देता येत नाही. "डाळ भिजलीच आहे तर करा पुरण," मी म्हणाले.

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मला पन्नास श्रावणात पुरी झाली. माझी अजून आठ वर्षं आहेत, आणि गाडी अजूनही सियालदहलाच येते.

पण त्या दुपारी दार अजून उघडलेलं नव्हतं. साप सापडला तरी मोजणी पहिल्या नंबरपासून पुन्हा, असं लिहिलेलं होतं. शांखामुटीला मी पेटीत घातलं होतं आणि पेटीवर चौदा लिहिलं होतं. दादांनी रजिस्टरचं पान उलटून सोमवारची ती टिक खोडली, शेजारी सही करायला जाळी उघडून मला रजिस्टर आणि पेन दिलं. मी सही केली. मग त्यांनी मंगळवारच्या पानावर नवी ओळ आखली.

"एक?"

मी दार उघडलं, डोकं पाहिलं. "आहे."

"दुई?"

"आहे."

ते कधी नव्हे इतके सावकाश वाचत होते. घाई करायचं कुणालाच कारण उरलं नव्हतं. तेराच्या पुढे मी पेटीचं झाकण वर केलं. ती वेटोळं करून, डोकं खाली घालून पडली होती.

"चोद्दो?"

मी आकडा उचलला आणि पहिला वेढा हळूच सरकवला. पट्टे, पट्टे, नुसते पट्टे.

"थांबा," मी म्हणाले.